आपाला बोलवायचं कधी: रमजान ईदला की बकरी ईदला?

इंदूरच्या आमच्या घरी दरवर्षी हाच घोळ: सोलापूरच्या आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, कोणत्या ईदला बोलवायचं? रमजान ईदची खरी मजा शीरखुर्म्याची. पण एकोणतिसाव्या रोज्याला चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा. रेल्वेचं आरक्षण मात्र 60 दिवस आधी उघडतं! त्यात 2026ची ही ईद मार्चात, ऐन परीक्षांत.

बकरी ईद जिल्हेज या इस्लामी महिन्याच्या दहा तारखेला. त्या महिन्याचा चंद्र दिसला की हाताशी नऊ-दहा दिवस उरतात. कुर्बानीही तीन दिवस चालते, त्यामुळे गाडी एक दिवस मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. सध्या ती उन्हाळ्यात येते, म्हणून शाळांना सुटी. उकाडा असतो, हे खरं. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष 354-355 दिवसांचं, सण दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. पुढे हा हिशोब बदलेल. तूर्त बकरी ईदचंच आवतण. शीरखुर्मा तेव्हाही करू, कोण अडवतंय?