चिनी अक्षरं गिरवायला काय घ्यावं: चौकटीची वही की मोबाइलचं ॲप?

चिनी शिकायला घेतलं की दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न पडतोच. "दोन्ही करा" असं सगळे सांगतात. नोकरी सांभाळून रोज जेमतेम अर्धा तास काढणाऱ्याला ते जमत नाही, म्हणून मी सरळ एक बाजू घेतो.

आधी थोडा हिशेब. चीनने २०२१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी पातळ्यांचं नवं मानक आणलं. त्यात ओळखता यायला हवीत अशी अक्षरं ३,००० आहेत, हाताने लिहिता यायला हवीत अशी १,२००. पहिल्या तीन पातळ्यांपुरतं पाहिलं तर ९०० ओळखायची आणि ३०० लिहायची. चीनमधली बहुतेक माणसंसुद्धा मोबाइलवर रोमनमध्ये उच्चार टाइप करतात आणि समोर आलेल्या यादीतून अक्षर निवडतात. तेव्हा तुम्हाला फक्त चॅट करायचं असेल किंवा खोक्यांवरचं वाचायचं असेल, तर वहीचाही खर्च करू नका आणि ॲपचाही.

हाताने लिहायचंच असेल, तर वहीपासून सुरू करू. चिनी मुलांच्या सरावाच्या वहीत प्रत्येक घर मधोमध एका उभ्या आणि एका आडव्या रेघेने कापलेलं असतं. 'शेत' या अर्थाचं थ्येन हे अक्षर हुबेहूब तसंच दिसतं, म्हणून चौकटीचं नावही त्याच्यावरूनच पडलंय. तिरक्या रेघाही असल्या की ती 'तांदळाची' चौकट. आपली गणिताची चौकटीची वही घ्यायची, दोन बाय दोन घरं मिळून एक धरायचं, की झालं शेत तयार. कुठली रेघ मध्याच्या वर थांबते, कुठली खाली उतरते, डावा भाग किती अंग चोरून बसतो, हे चौकटीत लगेच कळतं. वळण घोटायला याहून स्वस्त साधन नाही.

पण रेघा कुठल्या क्रमाने ओढल्या, हे वहीला दिसत नाही. मी थ्येनचं अख्खं पान भरलं होतं. आधी डावी उभी रेघ. मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून, हात न उचलता, एक. मग आतली उभी, आतली आडवी आणि शेवटी तळ. पान देखणं दिसत होतं, आणि प्रत्येक घरात क्रम चुकलेला होता. चीनच्या मानकात आतली आडवी आधी येते, मग उभी, आणि तळ शेवटी बंद होतो. मी पाहिलेला व्हिडिओ कांजीचा, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांचा निघाला. जपानमध्ये आतली उभी आधी ओढतात.

एवढ्याने काय बिघडतं? सुट्या अक्षरात काहीच नाही. पण घाईच्या लिहिण्यात रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि कुठली कुठे जोडायची हे क्रमावरच ठरतं. मोडीतही आधी ओळभर रेघ ओढून मग खाली सलग लिहीत जायचे, तसंच काहीसं. शिवाय चिनी फोनवर पाच प्रकारच्या रेघांचा एक कीबोर्ड असतो. त्यात रेघा क्रमाने दिल्या नाहीत तर अक्षर सापडतच नाही.

ॲप इथेच कामाला येतं. स्क्रिटर नावाच्या अक्षरं गिरवायच्या ॲपवर चुकीची रेघ ओढली की ती उमटतच नाही, चूक जागच्या जागी कळते. तोटा असा की बरोबर रेघ ओढली की ॲप तुमची वेडीवाकडी रेघ पुसून तिथे स्वतःची सुबक रेघ बसवतं. महिनाभर आपलं अक्षर लग्नपत्रिकेतल्यासारखं आहे असं वाटत राहतं. मग कागदावर लिहायला घ्यावं, तर एक पाय लांब आणि एक आखूड. तुमची रेघ तशीच ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्या दिवशीच चालू करा. वर्गणी मात्र चालूच राहते, आणि वही तीस-चाळीस रुपयांत येते.

तरीही माझं मत ॲपकडे. पहिली शंभरेक अक्षरं तिथेच घ्या. क्रमाची सवय एकदा चुकीची लागली की सोडवणं जिकिरीचं होतं, वळण नंतरही सुधारता येतं. त्यानंतर वर्गणी बंद करून चौकटीच्या वहीवर या, आणि समोर नमुना न ठेवता आठवून लिहा. शेजारी बसून तुमच्या हाताकडे बघणारे शिक्षक असतील, तर ॲपची गरजच नाही. तैवानची पारंपरिक लिपी शिकणाऱ्यांनी आधी सेटिंग तपासावं, कारण तिथलं क्रमाचं मानक वेगळं आहे.

पैसे भरण्याआधी फुकटच्या मुदतीत एक करून बघा. 'राजा' या अर्थाचं वांग लिहा: तीन आडव्या, मधून एक उभी. चीनमध्ये उभी तिसरी येते, जपानमध्ये दुसरी. मुद्दाम दुसरी ओढा. ॲप गप्प बसलं, तर दुसरं शोधा.