डेमोत आकडा हलला नाही, तेव्हाच त्याला उठवायला हवं होतं

आमचा औषधांचा घाऊक धंदा. बिलिंग फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं, १४ वर्षांचा डेटा त्याच्याच डीबीएफ फायलींत. चालू काउंटर थांबवून नवी सिस्टिम बसवणं काय असतं, ते स्टॉकिस्टांना सांगायला नको. म्हणून "आहे तोच डेटाबेस राहू द्या, आमचं सॉफ्टवेअर त्याला थेट जोडतो, कुठला माल किती मागवायचा ते रोज सकाळी सांगेल" असं म्हणणारा माणूस आला, तेव्हा मला पटलं. गरज खरी होती. माझ्या जागी कुणालाही पटलं असतं.

८५,००० रुपये, वर १५,३०० जीएसटी. वर्षाचा सपोर्ट २४,०००, वर ४,३२०. एकूण १,२८,६२०. सगळे आगाऊ, एनईएफटीने.

आता तो क्षण. डेमो त्याच्या लॅपटॉपवर. स्क्रीनवर आमच्या फर्मचं नाव, रंगीत आलेख, आमचेच आयटम. मी त्याच्यासमोर एका खोकल्याच्या औषधाच्या १२ बाटल्यांचं बिल फाडलं आणि म्हटलं, आता दाखवा. त्याने रिफ्रेश केलं. स्टॉक २१६ होता, २१६च राहिला. "नेट स्लो आहे साहेब, रात्री सिंक होतं, म्हणजे डेटा जुळतो." आमचा सर्व्हर त्याच खोलीत, दोन हातांवर! नेटचा संबंधच काय? हे मला रात्री बारा वाजता सुचलं आणि सकाळी मी पैसे पाठवले. याची चीड अजून जात नाही.

सिंक कधी झालंच नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरला फॉक्सप्रोचा डेटा वाचता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने दिलेला जोडणीचा दुवा, म्हणजे ओडीबीसी ड्रायव्हर, फक्त ३२ बिटचा आहे, त्याचं सॉफ्टवेअर ६४ बिटचं. त्या ड्रायव्हरने ते थेट जोडलं जाणारच नव्हतं. पंधरा दिवसांनी एक मुलगा यायचा, पेनड्राइव्हवर फायली न्यायचा आणि एक्सेलमध्ये चिकटवायचा. त्यातही परत आलेला माल विक्रीतच धरलेला, म्हणून मागणी फुगलेली दिसली. त्या आकड्यांवर ऑर्डर टाकली आणि ४१,७६० रुपयांचा माल एक्सपायरीत गेला. डेमो घ्यायचा तर स्वतःच्या मशिनवर, स्वतःच्या डेटाच्या कॉपीवर घ्या, आणि परत आलेल्या मालाचं एक बिल मुद्दाम टाकून बघा.

सीएंनी सांगितलं, जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून आपल्याला किती कर वजा मिळेल ते दाखवणाऱ्या विवरणात, त्याचं बिलच दिसत नाही. पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकला तर तो आधीच रद्द झालेला. म्हणजे त्याला दिलेला १९,६२० चा जीएसटी आमच्या करातून वजा व्हायचा, ते क्रेडिटही गेलं. हे तपासायला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी बघा, मी नंतर बघितलं.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. "बिल आहे, माल मिळालाय, हा दिवाणी मामला. वकील करा." सायबरवाले विचारतात, ओटीपी दिला होता का? नाही? मग पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाबद्दल वकील म्हणाले, २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वयंरोजगाराची सूट आहे, पण तुमच्याकडे चार नोकर. रद्द नंबरवर कर उकळला म्हणून जीएसटी ऑफिसला गेलो, तर ऑनलाइन तक्रार टाका म्हणाले. टाकली. पाच महिने "प्रलंबित". चार नोकरांचे पगार वेळेवर देतो, कर वेळेवर भरतो, आणि माझी तक्रार घ्यायला एकही टेबल नाही?

सपोर्टचा फोन आता लागत नाही. पेनड्राइव्ह मात्र त्यांच्याकडेच आहे. त्यात आमच्या प्रत्येक केमिस्टची उधारी आणि त्याला दिलेला रेट आहे.