नवरात्रातलं बडोदं: सकाळी संग्रहालयं, रात्री गरबा

बडोद्याला कधी यावं, असं बाहेरगावचे नातेवाईक विचारतात आणि स्वतःच दिवाळीची सुट्टी ठरवून टाकतात. माझं ठाम मत नवरात्राचं आहे. गरब्यासाठी तर आहेच, पण सकाळच्या वेळेसाठीही आहे. मध्यरात्रीपर्यंत खेळलेलं गाव सकाळी उशिरा उठतं. रस्ते मोकळे असतात आणि संग्रहालयांच्या दालनात बऱ्याचदा आपण आणि पहारेकरी एवढेच असतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, दांडिया बाजारात राहते. यंदा पुण्याहून माझी भाची आली होती, कॉलेजात शिकणारी. तिला गरबा खेळायचा होता, मला तिला चित्रं दाखवायची होती. दोन्ही मनासारखं झालं.

सुरुवात महाराजा फत्तेसिंह संग्रहालयापासून करा. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच ही इमारत आहे. राजघराण्यातल्या मुलांची शाळा म्हणून ती बांधली होती, १९६१ पासून तिथे संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रं इथे ज्या संख्येने एकत्र पाहायला मिळतात, त्याला तोड नाही. सयाजीराव महाराजांनी राजवाड्यासाठी त्याच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. ती १८९० मध्ये पूर्ण झाली, तेव्हा लोकांना पाहण्यासाठी मांडली होती आणि बघ्यांची झुंबड उडाली होती. त्याआधीचं ‘सीता भूमिप्रवेश’ही इथेच आहे.

कंसाच्या हातून सुटून आकाशात प्रकटलेली माया, या चित्रापुढे भाची थबकली. “मावशी, असलंच एक आजीच्या माजघरात होतं ना गं?” आजीकडे होतं ते छापील चित्र. रविवर्म्याची चित्रं छापून घरोघरी जावीत, ही कल्पना त्याला बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांनी सुचवली होती आणि १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला. आपल्या आज्यांच्या भिंतींवर देव आले ते या वाटेने. पण छापील चित्रात जे हरवतं ते इथे समोर दिसतं. साडीच्या काठाकडे अगदी जवळून बघा. जरतार नाहीच तिथे! पिवळ्या मातकट रंगाचा एक पट्टा, त्यावर फिक्या पिवळ्याचे जाड, उंचावलेले ठिपके, मध्येच एखादा जवळजवळ पांढरा. दोन पावलं मागे सरका, की त्याच ठिपक्यांची जर होते आणि ती चुण्यांबरोबर वळतेसुद्धा. मी भाचीला तीन-चार वेळा पुढे-मागे करायला लावलं. पहारेकरीही कौतुकाने बघत होता. फोटो काढू देत नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं. मोबाइल पर्समध्ये गेला की डोळे काम करायला लागतात.

राजवाडाही पाहावाच. मेजर चार्ल्स मँटने आराखडा केला, त्याच्या मृत्यूनंतर चिझमने काम पुरं केलं, १८९० मध्ये. दरबार हॉलच्या जमिनीवरचं मोझेक आणि रंगीत काचा पाहून डोळे दिपतात. कानाला लावून ऐकायचं माहितीयंत्र मिळतं, ते घ्या. पण वेळ कमी असेल तर राजवाडा भरभर उरका आणि वाचलेला तास रविवर्म्याला द्या.

दुसरी सकाळ कमाटीबागेसाठी ठेवा. पाटीवर सयाजीबाग लिहिलेलं असलं तरी रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगायचं. इथलं बडोदा म्युझियम १८९४ मध्ये सुरू झालं. शेजारच्या चित्रवीथीची इमारत १९१४ ला बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकली आणि चित्रवीथी लोकांसाठी उघडायला १९२१ उजाडलं. ती चित्रं निवडण्याचं काम महाराजांनी मेरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे दिलं होतं. एका संस्थानिकाने युरोपातल्या जुन्या चित्रकारांची चित्रं विकत घ्यावीत आणि ती स्वतःच्या दिवाणखान्यात न टांगता, शेंगदाणे खात फिरायला आलेल्या माणसालाही जाता येईल अशा बागेत ठेवावीत, याचा मला फार अभिमान वाटतो. मी इथे लहानाची मोठी झाले. तैलरंगातलं खरं चित्र पाहायला मला मुंबई गाठावी लागली नाही.

मुलं सोबत असतील तर ती इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा याच्याच मागे लागतील. हा देवमासा १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आला होता. त्यांना बघू द्या, पण तुम्ही अकोट्याच्या धातुमूर्तींसाठी वेळ राखून ठेवा. अकोटा म्हणजे विश्वामित्रीपलीकडचं आजचं भरवस्तीचं बडोदं. तिथे जमिनीतून या जैन मूर्ती निघाल्या, काही दीड हजार वर्षांपूर्वीच्या. जीवंतस्वामींची मूर्ती म्हणजे दीक्षा घेण्याआधीचे महावीर, मुकुट आणि दागिने ल्यालेले राजपुत्र. आणि चामरधारिणी, चवरी ढाळणारी सेविका! कमरेत किंचित कललेली, छोटीशी. वर्गात मुलांना उभ्या माणसाचा तोल शिकवताना मी नेहमी हिचंच उदाहरण देते. सगळा भार एका पायावर कसा येतो आणि दुसरा कसा सैल सुटतो, ते तिच्याभोवती सावकाश पाहिलं की कळतं.

तिथून जवळच कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मारक, १९३६ मधलं. आत भिंतींवर नंदलाल बोसांची चित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा. शांतिनिकेतनहून येऊन त्यांनी ही वेगवेगळ्या वर्षी टप्प्याटप्प्याने केली. बडोद्याला येणाऱ्यांपैकी फार थोडे इथे डोकावतात. मला विचाराल तर एकच जागा बघायला वेळ असेल तर मी इथेच पाठवीन. रविवर्मा रंगाने जिंकतो, बोसांची रेघ बोलते. युद्धाच्या भिंतीपुढे भाची बसली ती उठेचना. मग मीही बसले.

आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा तांबेकर वाडा आहे, बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. लाकडी वाडा, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. कृष्णलीला आहे, इंग्रज-मराठा लढाईसुद्धा आहे. आता तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. अर्धा तास पुरतो.

आता रात्र. मोठा गरबा एकदा तरी बघावाच. युनायटेड वेच्या मैदानावर अतुल पुरोहित गातात, मध्ये मंच आणि भोवती एकात एक फिरणारी हजारो माणसांची रिंगणं. इथे सिनेमाच्या गाण्यांवर उड्या मारत नाहीत. सुरुवात संथ, बे ताळी, त्रण ताळी म्हणजे दोन टाळ्यांचा, तीन टाळ्यांचा गरबा, मग हळूहळू लय चढते. नवख्याने सगळ्यात बाहेरचं रिंगण धरावं आणि पुढच्याच्या पायांकडे बघावं, पहिल्या विश्रांतीपर्यंत पाय आपोआप पडायला लागतात. चणियाचोळी नवा बाजारात घ्या, आणि घेताना घेर धरून एक गिरकी मारून बघा. नुसती सुंदर दिसणारी पण पायात अडकणारी कामाची नाही. पास मात्र आधीच काढून ठेवावे लागतात.

एका रात्री आम्ही दुसऱ्याच एका मोठ्या मैदानावर गेलो. तिथलं नाव सांगत नाही. पासाला भरपूर पैसे मोजले, गाडी लावायलाच पाऊण तास गेला, आणि आत कर्णे असे लावलेले की शब्द एक कळेना, नुसते ठोके छातीत. अर्धी माणसं रिंगण सोडून मोबाइलवर स्वतःचं चित्रण करत उभी. खेळणाऱ्याला जागाच नाही. विश्रांतीला बाहेर पडलो ते परत गेलोच नाही.

आणि ते बरंच झालं, कारण तिथून आम्ही घडियाळी पोळेत (पोळ म्हणजे जुन्या वस्तीतली गल्ली) अंबामातेच्या देवळाशी गेलो. तिथे गरबा फक्त पुरुष खेळतात आणि बायका बसून पाहतात. अरुंद जागा, मध्ये देवीचा दीप, जुने गरबे. पांढरे केस झालेले काका इतक्या हलक्या पावलाने फिरत होते की मला सकाळची चामरधारिणी आठवली. भाचीला खेळता आलं नाही म्हणून ती आधी थोडी हिरमुसली, मग घरी येईपर्यंत त्यांचीच पावलं करून दाखवत होती. खेळायचं असेल तर जवळच्या कुठल्याही पोळेतला शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा, बघा. पास नाही, गर्दी ओळखीची, आणि अनोळखी मुलीलाही “ये गं, इथे उभी राहा” म्हणून रिंगणात घेतात. त्यांतल्या निम्म्या बायका माझ्याशी मराठीत आणि आपसात गुजरातीत बोलत होत्या. आमचं बडोदं असंच आहे.

खाण्यासाठी रात्रीच्या जागरणानंतर सेव-उसळ. तर्री बेताने मागा, नाहीतर सकाळी संग्रहालयात पोट बोलेल. परत जाताना लीलो चेवडो, म्हणजे इथला ओला चिवडा, बांधून घ्या.

बेत आखताना एवढं सांभाळा: सोमवारी राजवाडा आणि फत्तेसिंह संग्रहालय दोन्ही बंद असतात. अष्टमी आणि दसरा या दिवशी बाकीच्या जागांचीही आधी चौकशी करा, आणि एका सकाळी एकच संग्रहालय ठेवा. मोठा गरबा एक रात्र, उरलेल्या रात्री पोळेत.