पोलीस भरती अकॅडमी : मैदान उत्तम, वर्ग सुमार

आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या मागे जी पोलीस भरती अकॅडमी चालते, तिच्या फाटकावर ‘मेहनतीपुढे अशक्य काहीच नाही’ असे ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. आत मात्र फीची पावती फाडण्याआधी मुलाला भिंतीवरच्या पट्टीला उभे करतात. माझ्या मते या अकॅडमीचे खरे मोल त्या पट्टीत आहे.

माझ्या भाच्याची उंची तिथल्या मैदानाच्या सरांनी मुद्दाम सायंकाळी मोजली. दिवसभराच्या वावराने मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळी भरलेली उंची संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरू शकते, आणि भरतीच्या रांगेत नंबर कितीला लागेल याचा नेम नसतो, असे त्यांचे म्हणणे. शिपाईपदासाठी पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, भाचा १६३.५ भरला. बारला लोंबकळून आणि कसल्याशा पावडरी खाऊन उंची वाढेल, या आशेवर आमच्याकडची पोरे ऐन उमेदीची वर्षे घालवतात. सरांनी मात्र सरळ सांगितले, “बाबू, एकविसाव्या वर्षी हाड वाढत नसते. वनरक्षकाचा फॉर्म भर, तिथे १६३ चालते.” बारावीला भूगोल असल्याने तो त्या पदाला पात्रही होता. समोर आलेली फी नाकारणारा माणूस या धंद्यात विरळाच म्हणावा लागेल.

उंचीबाबत इतका रोखठोक असलेला हाच माणूस धावण्याच्या बाबतीत कोणाचेही रडगाणे ऐकून घेत नाही. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत कापले, तर २० पैकी २० गुण मिळतात. सात मिनिटे घेणाऱ्या मुलाला ते सुरुवातीला घड्याळ दाखवतच नाहीत, नुसता दम वाढवून घेतात. गोळाफेक तर पाहण्यासारखी असते. वावरात पऱ्हाटी उपटून दंड भरलेली मुले ७.२६० किलोचा गोळा ढेकूळ भिरकावल्यासारखा फेकतात आणि तो जवळच पडतो. सर तो गोळा हनुवटीखाली मानेला टेकवायला लावतात, मागचा पाय रेटून कंबर फिरवायला लावतात, आणि हात सर्वांत शेवटी सोडू देतात. त्याच मुलाचा त्याच ताकदीचा गोळा मग सहज मीटरभर पुढे जातो.

ही पारख वर्गात मात्र दिसत नाही, आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असून मैदानी चाचणी ५० गुणांचीच आहे. अंकगणितात कच्च्या मुलाला तिथले शिक्षक “करत राहा, येईल” एवढेच सांगतात. त्याचे नेमके कुठे अडते, अपूर्णांकात की शेकडेवारीत, हे कोणी तपासत नाही. मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान पक्के करून त्याची भरपाई होऊ शकते, हेही सुचवत नाही. फाटकावरचे वाक्य इथे खरे मानले जाते, आणि नापास झालेला मुलगा स्वतःलाच आळशी समजून घरी जातो.

मेसचे जेवण साधे पण पोटभर असते. मैदान काळ्या मातीचे असून वर मुरूम नाही, त्यामुळे पावसाळ्यात सराव डांबरी रस्त्यावर होतो आणि नडग्या दुखतात. मुलाला मैदानापुरते इथे घालावे, गणिताची शिकवणी मात्र दुसरीकडे लावावी. नुसत्या मैदानाची फी वेगळी घेतात, पण ती विचारल्याशिवाय सांगत नाहीत.