टीएलई आणि टीएलडी: दोन गोळ्यांचा माझा अनुभव

मी शिवणकाम करते. एचआयव्हीचं औषध सरकारी एआरटी सेंटरमधून फुकट मिळतं. सुरुवातीला लिव्हर-किडनीबद्दल सगळं समजावलं, पण डोक्यावर काय परिणाम होईल हे कुणी धड सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी टीएलई होती. एका गोळीत तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि ६०० मिलिग्रॅम इफाविरेन्झ, रोज रात्री एक. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, तिने आटोक्यात आणला, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने जमीन हलायची. स्वप्नं तर इतकी खरी की गिऱ्हाईक दारात ब्लाउजपीस घेऊन उभं दिसायचं, आणि सकाळी मी ते कापड कपाटात शोधायचे. दुपारपर्यंत डोकं जड, फॉलची टीप वाकडी जायची. उगाच रडू यायचं, पोरावर ओरडायचे.

काउन्सेलर मॅडमना खोदून विचारलं तेव्हा कळलं, ही गोळी झोपताना, रिकाम्या पोटी घ्यायची. तेलकट जेवणावर घेतली की त्यातलं इफाविरेन्झ रक्तात जास्त चढतं. खरंच, मटणाच्या रात्री चक्कर दुप्पट असायची! बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो, माझा झाला नाही. काहींच्या शरीरात हे औषध जन्मतःच हळू जिरतं, असं डॉक्टर म्हणाले.

मग टीएलडी मिळाली. इफाविरेन्झच्या जागी ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्रॅविर. डोकं मोकळं झालं, हात पुन्हा सरळ चालायला लागला. हिनेही काहींची झोप उडते, म्हणून मी सकाळी घेते. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर वेळ विचारून घ्या, नाहीतर औषध नीट लागू पडत नाही. वजन मात्र वाढलं.

रांगेतल्या एका मावशींचे तळपाय स्टॅव्हुडिन या एचआयव्हीच्या जुन्या औषधामुळे अजून बधिर आहेत. ते औषध हळूहळू बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलं होतं.

सेंटरमध्ये औषध कधी कमी पडलं नाही, माणसंही प्रेमळ आहेत. पण दर वेळी वजन करतात, उरलेल्या गोळ्या मोजतात, झोप कशी लागते हे मात्र विचारत नाहीत. हे विचारायलाच हवं. त्रासाला कंटाळून माणूस गोळी सोडतो आणि व्हायरस पुन्हा वाढतो. तुम्हाला चक्कर, वाईट स्वप्नं, उदासी किंवा पायाला मुंग्या असतील तर गोळी स्वतःहून थांबवू नका, सेंटरला लगेच सांगा. जाणं जमत नसेल तर १०९७ या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनवर फोन लावा, तो फुकट आहे.