कुत्र्याला सोबत न्यायचे: मोटारीने, रेल्वेने की विमानाने?

कुत्र्याला घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले की घरात पहिली चर्चा वेळेची आणि खर्चाची होते. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर मात्र प्रश्न वेगळा आहे. प्रवासातला किती वेळ तो तुमच्या हाताच्या अंतरावर असेल, आणि त्याला त्रास होऊ लागला तर थांबण्याचा निर्णय कोण घेणार? पुढील तुलना याच कसोटीवर केली आहे.

या कसोटीवर मोटार सरळ पुढे जाते. दर दोन-तीन तासांनी थांबून त्याला पाणी पाजता येते, पाय मोकळे करू देता येतात आणि आवश्यक वाटल्यास अर्ध्या वाटेवरून परतताही येते. पण मागच्या आसनावर तो मोकळा बसत असेल, तर या सोयीची किंमत फार मोठी ठरू शकते, कारण ताशी 50 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी धडकून थांबली की मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. पुढच्या आसनावर एअरबॅगचा धोका असल्यामुळे ती जागा त्याच्यासाठी नाहीच. मग उरतात हार्नेस आणि पिंजरा. हार्नेस छातीला आधार देणारा असावा आणि त्याला जोडलेला पट्टा आखूड असावा. तो पट्टा गळपट्ट्याला अडकवल्यास झटका थेट मानेवर बसतो. पिंजरा अधिक सुरक्षित, मात्र तो स्वतः गाडीला घट्ट बांधलेला हवा, आणि कुत्र्याला त्याची सवय निदान काही आठवडे आधीपासून घरातच लावलेली हवी. दोन्ही शक्य असल्यास मी पिंजरा निवडेन.

मोटारीचे दोन दोष तिच्या गुणांइतकेच ठळक आहेत. पहिला म्हणजे गाडी लागणे. पिल्लांमध्ये हा त्रास अधिक दिसतो आणि अनेकांचा वयाबरोबर कमी होतो. उलटी एकाएकी होत नाही: आधी तो वारंवार ओठ चाटतो, जांभया देतो, मग हनुवटीवरून लाळेची तार लोंबू लागते. या टप्प्यावर गाडी थांबवली तर पुढचे बरेचसे टळते. निघण्याच्या तीन-चार तास आधी हलके खाणे द्यावे, नंतर फक्त पाणी. तरीही त्रास होतच असेल तर पशुवैद्य मॅरोपिटंट हे उलटी थांबवणारे औषध देऊ शकतात. माणसांसाठीच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

दुसरा दोष उभ्या गाडीचा आहे. बाहेर 24 अंश सेल्सिअस इतके सुखद तापमान असतानाही बंद मोटारीतला पारा दहा मिनिटांत सुमारे 34 आणि अर्ध्या तासात सुमारे 43 अंशांवर पोहोचतो. काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो, आणि कोंडलेल्या गरम हवेत धापा टाकणे निरुपयोगी ठरते. ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य अशा वेळी कुणी उच्चारूच नये.

रेल्वेत धक्के आणि वळणे कमी जाणवतात, त्यामुळे मोटारीत हमखास उलटी करणारे काही कुत्रे तिथे शांत झोपतात. मात्र गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. निरोगी प्रौढ कुत्रा सहा-आठ तास लघवी रोखू शकतो, पिल्लाकडून आणि म्हाताऱ्या कुत्र्याकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. नियमही सगळीकडे सारखे नाहीत: कुठे तो पायाशी बसू शकतो, कुठे मुसके सक्तीचे असते, तर कुठे त्याला स्वतंत्र डब्यात पाठवावे लागते. स्वतंत्र डबा असेल तर माझ्या मते रेल्वेचा मुख्य फायदाच संपतो. मुसके घ्यायचेच तर जाळीचे घ्यावे, म्हणजे त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल.

विमानाचे दोन वेगळे प्रवास मानायला हवेत. लहान कुत्रा आसनाखालच्या पिशवीतून तुमच्याबरोबर केबिनमध्ये जाऊ शकत असेल, तर काही तासांचे उड्डाण रेल्वेपेक्षा फार कठीण नाही. मोठ्या कुत्र्याला मात्र सामानाच्या कक्षात जावे लागते. प्राण्यांना नेतात त्या कक्षात हवेचा दाब प्रवासी कक्षासारखाच राखलेला असतो, त्यामुळे अनेकांना वाटणारी गुदमरण्याची भीती तितकीशी खरी नाही. खरा ताण चढ-उतार करताना, धावपट्टीशेजारच्या उन्हात किंवा थंडीत आणि अनोळखी गोंगाटात येतो.

सामानाच्या कक्षात कुत्रा पिंजऱ्यातूनच जातो, आणि त्या पिंजऱ्याचे माप अंदाजाने घेऊ नये. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग यांची बेरीज म्हणजे पिंजऱ्याची आतली किमान लांबी. कुत्रा 80 सेंटिमीटर लांब आणि कोपर 30 सेंटिमीटरवर असेल, तर पिंजरा 95 सेंटिमीटरचा हवा. गुंगीचे औषध देऊन पाठवणे टाळावे, कारण त्याचा श्वासावर, रक्तदाबावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम होतो, आणि तिथे लक्ष ठेवायला कुणी नसते. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना मुळातच श्वास घेणे जड जाते. अनेक विमान कंपन्या त्यांना त्या कक्षातून नेत नाहीत आणि ते योग्यच आहे. देशाची सीमा ओलांडायची असेल तर कागदपत्रेच वेळापत्रक ठरवतात. युरोपीय संघात प्रवेशासाठी आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस आणि पहिल्या लसीनंतर किमान 21 दिवसांची प्रतीक्षा हा क्रम आहे. काही देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना त्याशिवाय रक्तचाचणी आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा लागते.

एका दिवसात गाठता येणाऱ्या ठिकाणासाठी म्हणून मी मोटारच सुचवेन, आणि मोटार सहन न होणाऱ्या कुत्र्यासाठी सोबत बसू देणारी रेल्वे. सामानाच्या कक्षातला विमानप्रवास कायमच्या स्थलांतरासाठी समजू शकतो. आठवडाभराच्या सहलीसाठी तो मला पटत नाही; त्यापेक्षा कुत्र्याला त्याच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवावे, आणि तेही आधी एक रात्र तिथे राहायला लावून, तो जेवतो का आणि झोपतो का हे पाहिल्यानंतरच.