मणिपूरच्या "स्पेशल परमिट"मध्ये माझे साडेसत्तेचाळीस हजार गेले

लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं, कारण लिहिलं की सोसायटीतले म्हणणार, या वयात नसते उद्योग सांगितलेत कुणी. पण मागच्या रविवारी तलावपाळीवर आमच्या कट्ट्यावरच्या एका ताईंनी मला मोबाईलवर एक कोटेशन दाखवलं, नागालँडचं, "सिनियर सोलो क्लिअरन्स" वगैरे, आणि माझ्या पोटात गोळाच आला. तेच शब्द. म्हणून लिहितेय.

मी 67 ची, ठाण्यात चरईत राहते, टेलिफोन खात्यातून रिटायर. हे गेल्यापासून एकटीच फिरते. काश्मीरमधल्या गुरेझला जाऊन आले, अरुणाचलमधलं तवांग केलं (ते ग्रुपबरोबर, परमिट टूरवाल्यांनीच काढलं होतं, मी फक्त आधारची झेरॉक्स दिली, आणि हेच पुढे नडलं). लोकांना अष्टविनायक लागतो, मला बॉर्डर लागते, काय करणार.

तर मणिपूरमध्ये उखरुलजवळ शिरुई नावाचा डोंगर आहे, तिथे मे-जूनमध्ये एक लिली फुलते, निळसर गुलाबी, ती फक्त त्याच भागात येते. 1946 मध्ये किंग्डन-वॉर्ड नावाच्या इंग्रजाला ती सापडली आणि त्याने तिला स्वतःच्या बायकोचं नाव दिलं. आपल्याकडे बायकोच्या नावावर फार तर फ्लॅट घेतात, तोही स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणून. मला ती लिली बघायचीच होती. पण मणिपूर 3 मे 2023 पासून मैतेई आणि कुकी या दोन समाजांच्या भांडणात पेटलेलं, मुलगा पुण्यात, त्याला सांगितलं असतं तर त्याने तिकीटच काढू दिलं नसतं. म्हणून नाही सांगितलं.

ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात मी गुरेझचे फोटो दाखवले तिथे हा परमिट काढून देणारा भेटला. पस्तिशीचा असेल, पाठीला सॅक, बोलणं एकदम घरातलं, "काकू तुमच्यासारखी माणसं पाहिजेत". लिलीचं नाव काढल्यावर म्हणाला सोप्पंय, फक्त परमिटचं जरा किचकट असतं. आणि वर हे, "घरी एवढ्यात सांगू नका हां, परमिट हातात आलं की सांगा, उगाच टेन्शन घेतात मुलं." मला वाटलं बघा किती समजतं याला.

पहिले 8,500 परमिट फी. का एवढी, तर म्हणे फेब्रुवारी 2025 पासून राष्ट्रपती राजवट आहे, त्यामुळे फाईल दिल्लीला जाते. राजवट खरीच होती, मी पेपरात वाचलं होतं, त्यामुळे पुढचंही खरं वाटलं. मग 22 एप्रिलला पहलगाम झालं. दुसऱ्याच दिवशी फोन, काकू नियम कडक झालेत, साठीच्या पुढच्या एकट्या प्रवाशाला सिक्युरिटी डिपॉझिट भरावं लागतं, 25,000, परत आल्यावर रिफंड. मग मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर, उत्तरेकडचे एअरपोर्ट बंद, तेव्हा म्हणाला गाड्या मिळत नाहीयेत, एस्कॉर्टवाल्या गाडीचे 14,000 आजच्या आज टाका. टीव्हीवर जी बातमी येईल तिचं बिल संध्याकाळी माझ्या व्हॉट्सॲपवर. आणि दर वेळी यूपीआयला नाव वेगळंच यायचं. विचारलं तर म्हणाला अकाउंटवाला मुलगा आहे आमचा.

पेपर मात्र घरी आणून दिला, लॅमिनेट करून. वर तीन सिंह, माझा फोटो, खाली गोल निळा शिक्का, कोपऱ्यात क्यूआर कोड. मी तो देवासमोर ठेवला होता, खोटं कशाला सांगू. क्यूआर एकदाही स्कॅन करून बघितला नाही. नंतर बघितला तर फोटोंचं एक रिकामं फोल्डर उघडलं.

इम्फाळला उतरल्यावर एअरपोर्टवरच परमिटचं काउंटर आहे. मणिपूरला 2020 पासून बाहेरच्या राज्यांतल्या सगळ्यांना इनर लाईन परमिट, म्हणजे आत जायचा सरकारी परवाना, लागतं, ऑनलाईनही निघतं. तिथल्या मुलाने माझा लॅमिनेटेड कागद हातात घेतला, उलटा केला, नखाने कडा खरवडली, शेजारच्याला दाखवला. हसला नाही हो, तेच जास्त लागलं. म्हणाला, "आंटी, ये किसने दिया?" आधार घेतलं, फोटो काढला, शंभर रुपये घेतले आणि पंधरा दिवसांच्या परमिटची पावती हातात दिली. वयाचं काही विचारलं नाही, डिपॉझिट नाही, दिल्ली नाही.

बाहेर एस्कॉर्टची गाडी अर्थातच नव्हती. हॉटेलच्या बाईंना माझा प्रोग्रॅम दाखवला तर त्या बघतच राहिल्या. त्यात लिहिलं होतं इम्फाळ, चुराचांदपूर, उखरुल, एकच गाडी, एकच ड्रायव्हर. तिथे आता मैतेई ड्रायव्हर कुकी भागात जात नाही, कुकी ड्रायव्हर इम्फाळमध्ये येत नाही, मधे बफर झोन, चेकपोस्ट, आणि उखरुलच्या रस्त्यालाही कुकी गावं लागतात. हा प्लॅन करणाऱ्याने मणिपूरचा नकाशासुद्धा उघडला नसणार. नाही म्हणायला मीही नव्हताच उघडला. तिथला एखादा होमस्टेवाला फोन करून गाठला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

त्या बाई म्हणाल्या तांगखुल (म्हणजे उखरुलकडचा नागा) ड्रायव्हर मिळवून देते, उखरुलला जाऊन या. पण माझा धीर सुटला होता. लोकटाक तलावावर गेले, मोइरांगला आझाद हिंद सेनेने झेंडा लावला ती जागा बघितली, इमा कैथेल या बायकांच्या बाजारात, त्यांच्या गाळ्यांमध्ये अर्धा दिवस बसून राहिले. लिली नाही बघितली.

परत येऊन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, तक्रार केली. शेवटच्या हप्त्यातले नऊ हजार कुठेतरी होल्ड झालेत म्हणे, बाकी कधीच काढून झाले होते, कारण मी लाजेपायी मधे बारा दिवस घालवले. ते घालवू नका, कळल्या क्षणी फोन लावा. मुलाला शेवटी सांगितलं. तो पैशाचं काही बोलला नाही, एवढंच म्हणाला, आई मला पहिला कागद जरी पाठवला असतास.

परवा कट्ट्यावरच्या ताईंनी त्या कोटेशनवाल्याला फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारीच बसले होते. नंबर वेगळा, नाव वेगळं. ताईंनी विचारलं, मुलीला सांगू का रे? तर म्हणाला, "घरी एवढ्यात सांगू नका हां काकू, परमिट हातात आलं की सांगा."